कुंडल रोड ते किर्लोस्करवाडी

पुण्याहून कोल्हापूरच्या गाडीने प्रवास केलेल्यांना हे स्टेशन पाहून माहीत असेल. ताकारी मागे पडलं की थोड्या वेळात किर्लोस्करवाडी येतं. गाडी दोन मिनिटं थांबते, चारसहा माणसं उतरतात, चहावाला एक चक्कर मारतो आणि गाडी भिलवडी-सांगलीच्या दिशेने निघते. माझं आजोळ पलूसकडचं. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पण त्या चारसहा माणसांत असायचो.

लहानपणी मला या नावाचं फार कोडं पडायचं. आमच्या मळ्यातल्या पंपावर 'किर्लोस्कर' लिहिलेलं, गोठ्यामागे गंजत पडलेल्या नांगरावरही तेच. मग गावाला पंपाचं नाव कसं काय दिलं? मामाला विचारलं तर तो म्हणाला, "गावानंच पंप काढला बाबा." त्या वयात एवढं उत्तर पुरलं.

खरं उत्तर शोधायला मला तिशी ओलांडावी लागली, आणि त्याचं कारण काही फार भारदस्त नाही. गेल्या महिन्यात ऑफिसात अप्रेझल झालं. जे पद मला मिळेल असं टीममधले सगळे (आणि मी स्वतः तर नक्कीच) धरून चालले होते, ते दुसऱ्यालाच मिळालं. दोन दिवस धुसफुस केली, तिसऱ्या दिवशी राजीनाम्याचं मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलं. त्या शनिवारी काहीतरी वाचायचं म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल वाचायला घेतलं, तर पहिल्या काही पानांतच कळलं की बढती नाकारली म्हणून या माणसानेही नोकरी सोडली होती. साहजिकच पुढे वाचत गेलो. दोन वीकेंड त्यातच गेले. मी काही इतिहासकार नाही, पण जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. नाटकवेड्या मंडळींचे कान इथे टवकारले जातील, कारण 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. एका छोट्या गावातून मराठी संगीत नाटक आणि मराठी यंत्र कारखाना, दोन्ही एकाच आडनावाने बाहेर पडले, हे मला फार गमतीचं वाटतं.

लक्ष्मणरावांनाही कलेचीच ओढ होती. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. दोनेक वर्षं शिकल्यावर लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. अंशतः रंगांधळेपण. चित्रकाराला याच्याइतकी वाईट बातमी दुसरी नसेल! पण रेषेला रंग लागत नाही. यंत्रांची रेखाटनं करायला रंग ओळखता यायची गरज नव्हती. मुंबईत तेव्हा व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (म्हणजे आपलं व्हीजेटीआय) नव्यानेच निघालं होतं. तिथे ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि पुढे तिथेच शिकवूही लागले.

कुठल्याही चरित्रात इथे 'आणि त्यांना आपला मार्ग सापडला' असं एक वाक्य येतं. मला ते पटत नाही. मार्गबिर्ग काही सापडला नव्हता. एक दार बंद झालं म्हणून शेजारच्या दारातून आत गेले, इतकंच. त्यांच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा होतं.

मुंबईत त्यांनी सायकल बघितली. त्या काळात सायकल म्हणजे भलतीच महाग चीज, साहेबाची नाहीतर एखाद्या शेठची. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवणार आणि थोरले बंधू रामचंद्रराव, म्हणजे रामूअण्णा, त्या बेळगावात विकणार, अशी व्यवस्था दोघा भावांनी बसवली. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव इथून आलं. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो, ती याच सायकलच्या दुकानापासून. रामूअण्णा नुसती सायकल विकून थांबत नसत, गिऱ्हाईकाला चालवायलाही शिकवत. शिकवणीचे पंधरा रुपये! तेव्हा कित्येकांचा महिन्याचा पगार एवढा नसेल. प्रॉडक्टबरोबर ट्रेनिंगचे वेगळे पैसे लावायचा उद्योग आपल्या धंद्याने शोधला असं मी समजत होतो. असो.

बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

तर नोकरी आणि जोडधंदा दोन्ही सुरू असताना व्हीजेटीआयमध्ये वरची जागा रिकामी झाली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. हे साधारण १८९७ च्या सुमाराचं. मुंबईत तेव्हा प्लेगने थैमान घातलं होतं. तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली असतील यात मला तरी शंका नाही. मुंबईतली कायम नोकरी सोडून बेळगावात दुकान मांडणारा माणूस आजही आपल्या घरच्यांना वेडाच वाटेल.

आता नांगराकडे येऊ, कारण माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं मर्म तिथे आहे.

बेळगावात त्यांनी छोटा कारखाना काढला. अमेरिकेतून येणारी यंत्रांची मासिकं वाचायची, चित्रं बघायची आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला यातलं काय उपयोगी पडेल ते करून पाहायचं, असा खाक्या. आधी कडबा कापायचं यंत्र झालं. मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला आणि कुणी घेईना. एक दिवस नाही, एक हंगाम नाही, दोन वर्षं! लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असं शेतकरी म्हणत. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण 'अडाणी शेतकरी आणि द्रष्टा उद्योजक' असा सूर लावतात. मीही पहिल्यांदा वाचताना हसलो. मग मला माझे आजोबा आठवले. त्यांनाही एखादी नवी गोष्ट घ्यायची नसली की ते असंच काहीतरी कारण पुढे करायचे. ते कारण खरं नसायचं, पण त्याच्यामागे दुसरं खरं कारण असायचं, जे परक्या माणसाला सांगायची त्यांना गरज वाटत नसे.

विचार करून बघा. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई. मोडला तर तोच दुरुस्त करी. त्याचे पैसे रोख मोजायचे नसत, सुगीला बलुतं दिलं की झालं. लोखंडी नांगराला मात्र रोकड लागणार. तो जड, म्हणजे बैलांच्या जास्त जोड्या लागणार. एका जोडीवाल्याने काय शेजाऱ्याच्या पाया पडायचं? आणि भर हंगामात फाळ तुटला तर? गावच्या सुताराला तो सांधता येणार नाही, बेळगावला कोण आणि किती दिवसांनी जाणार? आपल्या भाषेत सांगायचं तर सपोर्ट कुठाय? 'लोखंड विषारी असतं' हे कारण खोटं असेल, पण त्यामागची भीती शंभर टक्के व्यवहारी होती.

फायदाही तितकाच खरा होता. लाकडी नांगर जमीन ओरखडतो, लोखंडी नांगर ती उलथवतो. काळ्या रानात खोलवर गेलेली हरळी आणि कुंदा मुळापासून निघायला जमीन उलटी व्हावीच लागते. पण हे सांगून पटत नाही, कुणाच्या तरी रानात दिसावं लागतं. एकाने घेतला, त्याच्या बांधावरून दुसऱ्याने पाहिलं, तिसऱ्याने पीक पाहिलं, असं करत तो नांगर पसरला. लक्ष्मणराव ती दोन वर्षं दम धरून राहिले. कडबा कापायची यंत्रं करत राहिले, इतर कामं घेत राहिले, पण नांगर सोडला नाही. जे प्रॉडक्ट खपत नाही ते दोन वर्षं चालू ठेवायला आज कुठला मॅनेजर तयार होईल? आमच्याकडे दोन क्वार्टर झाल्या की प्रोजेक्ट बंद.

नांगर जरा हातपाय पसरू लागला आणि १९१० च्या सुरुवातीला बेळगाव नगरपालिकेची नोटीस आली. शहराची नवी वस्ती वाढवायची आहे, कारखान्याची जागा हवी आहे, खाली करा.

म्हणजे बघा. रंग दिसत नाहीत म्हणून चित्रकला सुटली. कातडीचा रंग आडवा आला म्हणून नोकरी सुटली. आता चाळिशीत, बायकामुलं पदरात, कामगार हाताखाली आणि भट्टी विझवून चालते व्हा!

इथे औंधचे राजे या गोष्टीत येतात. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध हे आजच्या सातारा-सांगली भागातलं चिमुकलं संस्थान, पुढे 'बहात्तर खेड्यांचं राज्य' म्हणून प्रसिद्ध झालेलं. त्याचे तुकडेही सलग नाहीत, एक इथे तर एक तिथे. बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक, औंधचं अप्रतिम वस्तुसंग्रहालय त्यांचंच. (गेला नसाल तर जरूर जा. साताऱ्याहून एका दिवसात होतं.) लक्ष्मणरावांशी त्यांची मैत्री होती. एक राजा चित्रकार, दुसरा व्हायचा राहून गेलेला चित्रकार. त्यांच्या गप्पा कशा रंगत असतील याची मी नुसती कल्पना करतो.

राजांनी सांगितलं, माझ्या संस्थानात हवी ती जागा निवडा. वर १०,००० रुपये कर्जही दिलं.

लक्ष्मणरावांनी जागा निवडली ती कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर. ही जागा म्हणजे काय होती? माळरान. निवडुंग माजलेला आणि सापांचा सुळसुळाट. पाण्याची बोंब. राजाने 'हवी ती' म्हटल्यावर ही का घेतली असेल? मला वाटतं, उत्तर नकाशात आहे. बेळगाव आणि कुंडल रोड एकाच रेल्वेमार्गावर, मिरजेच्या अलीकडे-पलीकडे. यंत्रं बेळगावला गाडीत चढवायची आणि इथे उतरवायची. लोखंड, कोळसा गाडीने यायचा, नांगर गाडीने जायचे. निवडुंग तोडता येतो, साप मारता येतात, पाण्याला विहीर खणता येते. रेल्वे मात्र आपल्याला हवी तिथे आणता येत नाही. शिवाय जागा संस्थानी हद्दीत, म्हणजे नगरपालिकेची नोटीस पुन्हा येणार नाही! नोटिशीने पोळलेला माणूस याचा विचार करणारच.

आणि मग त्या माळावर गाव वसलं.

गाव वसवणं म्हणजे नेमकं काय, याचा मी कधी विचारच केला नव्हता. कारखाना म्हणजे शेड, भट्टी, चरखे (लेथला आपल्याकडे हाच शब्द होता), मालाचं कोठार. ते कळतं. पण बेळगावातून आलेल्या कामगाराची बायको विचारणार, मीठमिरची कुठे मिळेल? पोर कुठल्या शाळेत जाईल? कुणी आजारी पडलं तर? पत्र कुठे टाकायचं? शहरात कारखाना काढणाऱ्याला या प्रश्नांशी काही देणंघेणं नसतं, ते शहराचे प्रश्न. इथे सगळेच प्रश्न लक्ष्मणरावांचे झाले. घरं, दुकान, शाळा, पोस्ट, पाणी, बागा. त्याच सुमाराला तिकडे साकचीच्या जंगलात टाटांचं पोलादाचं शहर उभं राहत होतं, म्हणजे पुढचं जमशेदपूर. पण टाटांकडे भागभांडवलाचे कोट्यवधी रुपये होते. इकडे दहा हजाराचं कर्ज आणि पंचवीसएक कुटुंबं.

आणि ही माणसं कोण होती ते बघा, मला सगळ्यात जास्त भावलेला भाग हा आहे. शंभूराव जांभेकर हे पक्के इंजिनिअर, ते सोडून देऊ. पण के. के. कुलकर्णी म्हणजे पडेल ते काम करणारा हरहुन्नरी माणूस, तो व्यवस्थापक झाला. मंगेशराव रेगे हिशेब आणि कारकुनी दोन्ही बघत. अनंतराव फळणीकर हे शिक्षण अर्धवट सोडलेले. त्यांच्यातून पुढे कल्पक इंजिनिअर घडला. आणि रात्रीच्या पहाऱ्याला होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. नावातच जात चिकटवलेली, त्या काळची रीत. दोघेही दरोड्याची शिक्षा भोगून सुटलेले. कारखान्याच्या किल्ल्या या दोघांच्या भरवशावर!

लक्षात घ्या, ही तीच वर्षं आहेत जेव्हा इंग्रज सरकार अख्ख्या जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारून पोलिसात हजेरी लावायला लावत होतं. आपण साधा वॉचमन ठेवताना पोलीस व्हेरिफिकेशन मागतो (मीही मागतो, सोसायटीच्या कमिटीवर आहे). लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यताही पाळू दिली नाही, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. १९१० च्या दशकात कृष्णाकाठच्या खेड्यापाड्यांत हे किती अवघड गेलं असेल, हे तिथे आजोळ असलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

माझा अंदाज असा, की यात थोडी थोरवी आहे आणि थोडी गरज. निवडुंगाच्या माळावर नोकरी करायला व्हीजेटीआयचे पदवीधर रांग लावून उभे नव्हते. जे आले ते कुठेतरी नाकारले गेलेले, नापास झालेले, हाकललेले. मालक स्वतः त्याच गोत्यातून आलेला. तो त्यांना कागदपत्रं विचारणार तरी कुठल्या तोंडाने?

जाता जाता एक धागा. याच औंध संस्थानात पुढे १९३९ मध्ये आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' नावाची भिंती नसलेली कैद्यांची वसाहत निघाली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची ती कल्पना. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. गदिमा स्वतः याच संस्थानात वाढलेले. किर्लोस्करवाडीचे दोन पहारेकरी आणि स्वतंत्रपूर यांचा थेट संबंध आहे असा माझा दावा नाही. पण राजा तोच आणि मुलूखही तोच.

मग १९१४ चं महायुद्ध आलं. परदेशी नांगर येणं कमी झालं, म्हणजे मागणी वाढली. पण लोखंडही मिळेना! तेव्हाचा किस्सा प्रसिद्ध आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर पडून असलेल्या जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळवून नांगर केले गेले. आज कुणी गडावरच्या तोफेला नुसता हात लावून बघावा, दुसऱ्या दिवशी मोर्चा निघेल. पण शाहू महाराजांना गंजणाऱ्या तोफेपेक्षा शेतात चालणारा नांगर जास्त मोलाचा वाटला.

पुढचा प्रवास भराभर सांगतो, कारण तो बऱ्याच जणांना माहीत असतो. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही रीतसर मर्यादित कंपनी झाली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून १९२६ मध्ये परत आले आणि त्याच सुमाराला वाडीत पंप होऊ लागले. उसाचे चरक होतेच. मग डिझेल इंजिन, यंत्रं बनवणारी यंत्रं. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिन्स आणि बंगलोरला इलेक्ट्रिक. म्हणजे माझ्या मामाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पंप गावानंच काढला!

एका गोष्टीपाशी मात्र थांबायलाच हवं. १९२० मध्येच या आडगावातून एक मासिक सुरू झालं, 'किर्लोस्कर खबर'. सुरुवातीला नुसतं कंपनीचं पत्रक, नांगराच्या गिऱ्हाइकांसाठी. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. काही वर्षांत त्यातली 'खबर' गळाली, 'किर्लोस्कर' राहिलं आणि ते महाराष्ट्रातल्या सुधारकी विचारांचं मोठं व्यासपीठ झालं. १९३० मध्ये 'स्त्री' निघालं, १९३४ मध्ये 'मनोहर'. माझ्या आजीच्या ट्रंकेत 'स्त्री'चे अंक होते. शाळेचं तोंड चौथीपर्यंतच पाहिलेली माझी आजी ते चाळिशीत वाचत असे आणि आजोबा बाहेर गेले की मोठ्याने वाचत असे. नांगराची जाहिरात म्हणून सुरू झालेलं पत्रक तिच्या ट्रंकेपर्यंत पोचलं होतं.

आता थोडं खटकणारंही बोलतो, नाहीतर हा लेख म्हणजे आरती होईल.

कंपनीचं गाव ही संकल्पना ऐकायला छान, पण तिच्यात एक मेख आहे. तुमचं घर मालकाचं, दुकान मालकाचं, शाळाही मालकाची. नोकरी गेली तर एका दिवसात सगळंच जातं. अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज पुलमनने रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कामगारांसाठी असंच सुंदर गाव बांधलं होतं. १८९३ च्या मंदीत त्याने पगार कापले, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. १८९४ मध्ये असा संप झाला की देशभरची रेल्वे अडली आणि सैन्य बोलवावं लागलं. आपल्याकडेही औंधच्याच आश्रयाने ओगल्यांच्या काचकारखान्याची ओगलेवाडी झाली, इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांचं वालचंदनगर झालं. या गावांची भरभराट कंपनीच्या भरभराटीला बांधलेली असते. 'प्रभाकर' कंदील विझले आणि ओगलेवाडीत काय उरलं, ते कराडकरांना विचारा. मालक चांगला म्हणून गाव चांगलं, हा पाया मला डळमळीत वाटतो. किर्लोस्करवाडी टिकली, पंप आजही तिथे होतात. पण ती टिकली याला मालकाचा चांगुलपणा हे एकच कारण पुरेसं नसावं.

आणि आणखी एक. गाव वसवलं तरी आजूबाजूचा मुलूख तुमचा होत नाही. शेजारचं कुंडल म्हणजे बेचाळीसच्या चळवळीतल्या प्रतिसरकारचं केंद्र, जी. डी. बापू लाडांचं गाव. इथली माणसं तापलेली, लढणारी. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. खुनी ब्राह्मण होता हे कळल्यावर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले, आणि त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. ज्या वाडीने जात बाजूला ठेवायचा प्रयत्न केला, ती मालकाच्या जातीपायी जळली. आमच्या घरात हा विषय निघाला की मोठी माणसं एकदम पावसापाण्यावर बोलायला लागायची. गोठ्यात किर्लोस्करांचा नांगर होता, आजीच्या ट्रंकेत 'स्त्री' होतं, आणि त्या दिवशी आपल्या गावातलं कोण कुठे गेलं होतं हे कुणी सांगत नव्हतं. मी अजूनही मामाला तो प्रश्न विचारलेला नाही.

लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. त्याच वर्षी मार्चमध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजाचं राज्य गेलं आणि मित्राचा कारखाना जळला, एकाच हंगामात. कारखाना पुन्हा उभा राहिला. बाळासाहेब १९५१ मध्ये गेले, लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढलं. 'कुंडल रोड' हे स्टेशनचं नाव केव्हाच पुसलं गेलं होतं.

माझ्या राजीनाम्याचं काय, असं कुणी विचारायच्या आधीच सांगतो. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. मी काही नांगर करणार नाहीये आणि कुठल्या राजाशी माझी ओळखही नाही. :)

पण लिहिता लिहिता गोठ्यामागचा तो नांगर डोळ्यांपुढून हलेना. काल रात्री मामाला फोन लावला. म्हटलं, "मामा, तो आजोबांचा जुना नांगर आहे ना, तो मी पुण्याला घेऊन येतो. बाल्कनीत ठेवीन."

"कुठला, किर्लोस्करचा?" मामा म्हणाला. "अरे, तो दिला की गेल्या दिवाळीत. भंगारवाला आला होता. चांगलं वजन भरलं."